कापलेल्या पाट्या

सुरुवातीलाच माफी मागतो. कुणाबद्दल लिहावं इतका मी मोठा नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही. वडील ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करतात, आई कांदे निवडायला जाते. परीक्षेचे पेपर, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि हॉस्टेल न मिळाल्याबद्दलची एक तक्रार, एवढंच मी आजवर लिहिलेलं आहे. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांनी जन्मभर अक्षरं काढली, आणि माझी वही पाहून ते एकदा म्हणाले होते, "कर्जत, हे लिवलंय का सांडलंय?" तरी लिहितो. का, ते शेवटी येईलच.

नगरला बी.ए.ची तीन वर्षं मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहिलो. घर दिल्ली गेटच्या आत, दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाने मागे सरावं अशा बोळात. सगळे त्यांना पेंटर म्हणत. आम्हीही पेंटरच म्हणायचो, काका म्हटलं की ते विचारत, "कुनाचा काका?" त्यांच्या बायकोला मात्र काकू म्हटलेलं चालायचं.

ते भाडेकरूंना नावाने हाक मारत नसत. जो ज्या तालुक्याचा, ते त्याचं नाव. मी कर्जत. माझ्या खोलीतला ॲग्रीच्या डिप्लोमाचा मुलगा राहुरी. खाली चिठ्ठी ठेवायची असेल तरी "राहुरी, पाणी जपून" अशी ठेवत; पण त्या चिठ्ठीचं अक्षर इतकं देखणं असायचं की राहुरीने तशा तीन चिठ्ठ्या भिंतीवर लावून ठेवल्या होत्या आणि पाणी काही जपलं नव्हतं.

खोली देण्याआधी ते हातात खडू देत आणि फरशीवर 'ळ' काढायला सांगत. माझा ळ त्यांनी खाली बसून नीट पाहिला. मग म्हणाले, "पोट बरं हाय, शेपटी भित्री हाय. ऱ्हा." एका गोष्टीला मात्र परीक्षा नव्हती. जामखेडच्या मुलाला खोली मिळत नसे. पहिल्या वर्षी शेजारची खोली दोन महिने रिकामी होती, तेव्हा एक मुलगा वडलांना घेऊन आला. पेंटरांनी गाव विचारलं, त्याने जामखेड सांगितलं. "जागा न्हाई," ते म्हणाले आणि आत गेले. रिकाम्या खोलीचं दार त्या दोघांच्या समोर सताड उघडं होतं. मी काकूंना कारण विचारलं, तर त्यांनी तांदूळ निवडत निवडत विषय बदलला.

पेंटर उंचीने माझ्या खांद्याला लागत. आपली हयात स्टुलावर गेली असं सांगत. शहरातल्या एका थिएटरसाठी त्यांनी वीस वर्षं सिनेमाचे बोर्ड रंगवले, ते बंद पडल्यावर दुकानांच्या पाट्या, आणि फ्लेक्स आल्यावर काहीच नाही. फ्लेक्सचा राग ते वेगळ्या तऱ्हेने काढायचे. रस्त्याने जाताना एखाद्या फ्लेक्ससमोर थांबून त्यावरची वाकडी अक्षरं हवेत बोटाने पुन्हा काढायचे. लोक वळून बघत. शहराचं नाव बदलल्याची बातमी आली तेव्हा ते दिवसभर अस्वस्थ होते. मला वाटलं, नावाबद्दल काही मत असेल. तसं नव्हतं. "साऱ्या गावाच्या पाट्या नव्यानं," ते म्हणाले, "आन् हात आता कापतोय."

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, काढता येत होतं. डॉक्टरांच्या डिग्र्या, वकिलांच्या पाट्या, औषधांची नावं, सगळं ते नमुना बघून काढत आणि कधी चुकत नसत. त्यांच्या मते वाचता येणारा माणूसच चुकतो, कारण तो अक्षराकडे न बघता पुढे पळतो.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. जिन्याखाली त्यांनी काढलेल्या जुन्या चेहऱ्यांच्या फळ्या रचून ठेवलेल्या होत्या. नायकांचे केस कानावर आलेले. नायिकांच्या डोक्यावर पदर. पुढाऱ्यांना फेटे, आणि तेही खाली ओढलेले. एकाही माणसाला कान नव्हता. मी ते बोललो, तेव्हा राहुरी हसून म्हणाला, "त्या वेळची फॅशन आसंल." आतल्या खोलीत एक फळी भिंतीकडे तोंड करून उभी असायची, तिची मागची बाजू तेवढी आम्ही पाहिली होती.

आता सिनेमाबद्दल सांगतो.

त्यांच्याकडे एक प्रोजेक्टर होता आणि एकच सिनेमा. चार रिळं, काळापांढरा, मुका. तरुणपणी ते आणि त्यांचा एक मित्र जत्रांमधल्या तंबू टॉकीजचे कापडी बोर्ड रंगवायचे. तंबू मोडला तेव्हा मालकाने जे भंगारात कुणी घेईना ते या दोघांना देऊन टाकलं. त्यात हे निघालं. सिनेमा कुठल्या देशाचा ते कुणालाच माहीत नव्हतं. मग दोघं तेच घेऊन जत्रेत बसू लागले. एक रीळ फिरवायचा, दुसरा पडद्याशेजारी उभा राहून माणसांच्या तोंडी मराठी बोलणं घालायचा.

अडचण एकच होती. मध्ये मध्ये पडद्यावर इंग्रजी मजकूर यायचा. त्याला ते पाट्या म्हणत. पाटी आली की कुणाला वाचता येत नसे, लोक शिट्ट्या मारायचे, खडे फेकायचे. तेव्हा दोघांनी एका दुपारी ब्लेड घेऊन सगळ्या पाट्या कापून काढल्या आणि फिल्म टेपने जोडली. त्यानंतर सिनेमा सरळ धावायला लागला. गोष्ट तेवढी हे दोघं सांगतील ती.

गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी तीन वाजता, पेंटर हा सिनेमा घरी दाखवत. खिडक्यांना घोंगड्या लावायच्या. भाडेकरूंनी यायचंच. बोळातली दहाबारा माणसं यायची, काकू सगळ्यात मागे, दाराशी बसायच्या. प्रोजेक्टर राहुरी चालवायचा आणि पेंटर पडद्याशेजारी स्टुलावर उभे राहायचे. ते म्हणत, "बोलका सिनेमा आळशी मान्सासाठी हाय. इथं दोगांनी काम करायचं. त्यांनी तोंड हालवायचं, आपन बोलायचं."

गोष्ट अशी. दोन चित्रकार एका माडीवर राहतात, एक उंच, एक बुटका. त्यांच्यात कोट एकच. जो बाहेर जाईल तो घालेल. बुटक्याच्या तो घोट्यापर्यंत येतो. खालच्या खानावळीत एक पोरगी काम करते, दोघांचाही तिच्यावर जीव. उंच्या तिचं चित्र काढतो. एक दिवस उंच्या आजारी असताना बुटक्या कोट घालून निघतो, ते चित्र प्रदर्शनात आपल्या नावाने देतो. बक्षीस मिळतं, नाव होतं, पोरगी त्याच्याशी लग्न करते. उंच्या नुसत्या सदऱ्यावर, धुक्यातून एका पुलावर चालत जातो. मग नुसतं नदीचं पाणी दिसतं. शेवटी बुटक्या हातात एक कागद धरून रडतो.

पेंटर सगळ्यांचे आवाज काढत. उंच्याचा आवाज मऊ, पोरगीचा तर इतका खरा की नवीन माणूस वळून काकूंकडे बघायचा. बुटक्याला मात्र ते शिव्या घालत. त्याच्या तोंडचं बोलणं झालं की लगेच स्वतःच्या आवाजात, "खोटं बोलतोय, ऐकू नका." पूल आला की, "मारली उडी. सोन्यासारखा गडी गेला." आणि शेवटच्या कागदाला, "आलं वॉरंट. आता रडतोय. तवा न्हाई रडला." ह्या वाक्याला बोळातली माणसं टाळ्या वाजवायची. दर वर्षी तेच वाक्य, त्याच टाळ्या.

मला पहिल्या वर्षीच वाटलं होतं की ह्यांच्या मित्राने ह्यांना असंच फसवलं असणार. राहुरीलाही तेच वाटायचं. आम्हाला पेंटरांची दया यायची. पेंटर स्वतः किती बुटके आहेत हे रोज समोर दिसत होतं, पण त्याचा कुठे काही संबंध असेल हे आमच्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या वर्षी पाडव्याच्या आधी काकूंनी मला माळा आवरायला सांगितलं. तिथे रंगाचा एक जुना डबा होता. आत फिल्मच्या छोट्या गुंडाळ्या, प्रत्येकीला दोरा बांधलेला. मी एक उलगडून खिडकीशी धरली. अक्षरं होती. कापलेल्या पाट्या त्यांनी टाकल्या नव्हत्या. इतकी चांगली अक्षरं टाकवली नसतील.

माझं इंग्रजी बेताचं आहे. मी प्रत्येक पट्टीचा मोबाईलवर फोटो काढला, तो मोठा केला, अडलेले शब्द बघितले. दोन संध्याकाळी गेल्या. बहुतेक पाट्या साध्या होत्या, 'हिवाळा आला' वगैरे. एकीवर होतं की उंच चित्रकार पूल ओलांडून दुसऱ्या गावी निघून गेला. आणि सगळ्यात लांब पट्टी म्हणजे शेवटच्या कागदाचा मजकूर होता. ते वॉरंट नव्हतं.

हे मी सांगायला नको होतं का, हा प्रश्न मला त्या वेळी पडलाच नाही. मला आनंद झाला होता. घरात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी वाचून दाखवतो तेव्हा होतो तसा. पेंटर खाली प्रोजेक्टरची काच पुसत होते. मी म्हणालो, उंच्या मेला नाही, आणि शेवटचा कागद म्हणजे त्याची चिठ्ठी आहे. मग वाचून दाखवली. ती अशी होती:

"मित्रा, चित्र तुझ्या नावाने गेलं हे मला ठाऊक होतं. मी तुला अडवलं नाही. तिला तुझ्याजवळ घर मिळेल. आता थंडी पडेल. कोट तुझ्याकडेच ठेव."

पेंटर म्हणाले, "कुठली भाषा हाय ती?"

मी म्हणालो, इंग्रजी.

"मंग खोटं आसंल."

ते काच पुसत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाले, "कोटाचं परत वाच."

मी वाचलं. त्यांनी फडक्याची घडी घातली, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत गेल्या, भिंतीकडे तोंड केलेली ती फळी दोन्ही हातांनी फिरवली आणि म्हणाल्या, "बघ." एका तरुण मुलीचा चेहरा होता. केस मागे बांधलेले, दोन्ही कान उघडे, कानात साधे मोती. मला चित्रातलं कळत नाही, पण ते कान पाहून त्यांना हात लावावासा वाटला. चेहरा काकूंचा होता.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्यांचे वडील थिएटरमध्ये तिकिटं फाडायचे. थिएटरला कायमचा पेंटर हवा होता. मालकाने दोघांनाही एकेक चेहरा काढून आणायला सांगितलं. पेंटरांचा हात अक्षराचा, मित्राचा चेहऱ्याचा. मित्राने हा चेहरा काढला, आणि तेवढ्यात आई आजारी म्हणून आठवडाभर जामखेडला गेला. दोघांच्यात बाहेर घालायचा टेरिलीनचा शर्ट एकच होता, मित्राच्या मापाचा. पेंटर तो घालून, ही फळी घेऊन थिएटरवर गेले. शर्ट गुडघ्यापर्यंत लोंबत होता. मालकाने विचारलं, कुणी काढलं. पेंटर म्हणाले, मी. एवढंच ते बोलले. नोकरी मिळाली, आणि नोकरी असलेला मुलगा म्हणून काकूंच्या वडलांनी त्यांना काकू दिल्या. मित्र परत आला, त्याने सगळं बघितलं. ब्रश गुंडाळले आणि गेला.

"ह्या दारातनं तो वाकून यायचा," काकू म्हणाल्या. "ह्यांना कवा वाकावं लागलं न्हाई."

मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"हळदीच्या आदीच. ह्यांना कान कुठं जमत्यात?" मग फळी पुन्हा फिरवत म्हणाल्या, "मला कुनी विचारलं आस्तं तर मी कुनाचं नाव घेतलं आस्तं, ते इचारायचं ऱ्हाऊनच गेलं सगळ्यांचं."

म्हणजे पन्नास वर्षं ते स्टुलावर उभे राहून शिव्या घालत होते त्या स्वतःला. आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

दोन दिवस पेंटर माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ब्लेड आणि टेप घेऊन आले आणि म्हणाले, चिठ्ठीची पाटी परत जोडायची. मी पट्टी धरली, त्यांनी जोडली. हात कापत होता, पण सांधा दिसत नव्हता.

त्या रविवारी सिनेमा नेहमीसारखा झाला; फरक इतकाच की त्यांनी बुटक्याला शिव्या घातल्या नाहीत. बोळातल्यांना ते जरा मिळमिळीत वाटलं. पूल आला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. मग बुटक्या कागद उघडतो आणि पडद्यावर अक्षरं आली, तेव्हा राहुरीने प्रोजेक्टरमागून आठवण केली, "पेंटर, वॉरंट."

"वॉरंट न्हाई," ते म्हणाले. "चिठ्ठी हाय. कर्जत वाचंल."

मी उठून वाचली. टाळ्या झाल्या नाहीत. शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं, "मंग उंच्या मेला न्हाई व्हय?"

"न्हाई," पेंटर म्हणाले. "दुसऱ्या गावी ऱ्हातो."

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. कर्जतहून जामखेड फार लांब नाही, सुट्टीत घरी जाशील तेव्हा जाऊन बघ, असं म्हणाले. पत्ता नव्हता. एवढंच सांगितलं की गावात सगळ्यात चांगले चेहरे कुणी काढले ते विचार. "हाय का बघ. बोलू नको काई. मी यीन मागनं. सिनेमा घिऊन यीन."

मी परीक्षा संपल्यावर गेलो. विचारत विचारत एका फ्लेक्सच्या दुकानात पोचलो. ते दुकान त्या मित्राच्या मुलाचं होतं. मुलगा उंच होता, मशिनवरून काळी शाई पुसत होता. त्याने सांगितलं, वडील जाऊन तीन वर्षं झाली. मी कुठून आलो ते विचारलं. मी नगर एवढंच म्हणालो. त्याने चहा पाजला.

परतीच्या एसटीत मी बरीच वाक्यं जुळवली. पण नगरला पोचलो तेव्हा पेंटर दारातच बसले होते. मांडीवर तो टेरिलीनचा शर्ट होता, पिवळा पडलेला, इस्त्री केलेला. त्यांनी विचारलं, "हाय?"

मी म्हणालो, दुकान बंद होतं.

एवढंच मी बोललो. थिएटरवर त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला होता, माझ्या तोंडून तीन. पेंटर म्हणाले, मग पुढच्या महिन्यात बघू. पुढे उन्हाळा होता, मग पाऊस, मग त्यांचे गुडघे. ते जायचं ठरवत होते आणि पुढे ढकलत होते, आणि मला प्रत्येक वेळी सुटल्यासारखं वाटायचं. निकाल लागला, मी एम.ए.साठी पुण्याला आलो. निरोप घेताना त्यांनी माझ्या वहीवर माझं नाव लिहून दिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तालुक्याऐवजी नाव. मी ती वही वापरलेली नाही.

पुढच्या पाडव्याला मी गेलो नाही. परीक्षा आहे असं कळवलं. परीक्षा नव्हती.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत, म्हणून मी वर्गातून उठून बाहेर आलो. त्यांनी सरळ सांगायला सुरुवात केली. पेंटर एक दिवस कुणाला न सांगता सकाळच्या एसटीने जामखेडला गेले. प्रोजेक्टर, रिळं, शर्ट आणि ती फळी. कंडक्टरने फळीवरून वाद घातला, तर स्वतः उभे राहिले आणि फळी सीटवर ठेवली. दुकान सापडलं, मुलाने वडलांचं सांगितलं. आणि हेही सांगितलं की दीडएक वर्षापूर्वी नगरहून एक पोरगा आला होता, त्याला हे माहीत आहे.

काकू थांबल्या नाहीत. पेंटर तिथे दोन दिवस राहिले. दुपारी दुकानाच्या खिडक्यांना काळा फ्लेक्स लावून त्यांनी त्या घरातल्या सगळ्यांना सिनेमा दाखवला. बोलले मात्र एकदाच, चिठ्ठीच्या वेळी. ती त्यांना पाठ झाली होती. शर्ट मुलाला देऊ केला. मुलाला त्यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, राहू द्या तुमच्याकडेच. फळी त्याने ठेवून घेतली.

"माझा चेहरा गेला जामखेडला," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का.

"म्हनले. आल्यावर पाय धुता धुता म्हनले, त्या पोरानंबी पाटीच कापली. आमी कापल्या तशी." मग त्या म्हणाल्या, "रागानं न्हाई म्हनले. आन् औंदा पाडव्याला ये म्हनलेत. राहुरी येनार न्हाई, प्रोजेक्टर कोन चालवील?"

संध्याकाळी त्यांनी कुणाकडून तरी मोबाईलवर एक फोटो पाठवला. फ्लेक्सच्या दुकानात काउंटरच्या मागे ती फळी लावलेली आहे, तोंड लोकांकडे करून. खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे चित्रकार सही करतो तिथे, एक नाव रंगवलेलं आहे, पेंटरांचं नाही. मी फोटो मोठा करून पाहिला. हात कापत होता म्हणतात, पण अक्षरात कुठे दिसत नाही. त्या नावात एक 'ळ' आहे. तसा ळ मी दुसरा पाहिलेला नाही.

मी कापलेली पाटी परत जोडायची म्हणून हे लिहिलं, पण ते नाव मी इथे लिहीत नाही. ते लिहिणं पेंटरांकडे होतं, आणि त्यांनी लिहिलं आहे.